ब्रश कटरला लिटरमागे २० मिली की ४० मिली? आणि ऑइल नक्की कोणतं?

द्राक्षबाग_निफाड

पाऊस सुरू झाला की निफाड, दिंडोरी, पिंपळगाव पट्ट्यात बागेच्या ओळींमधलं गवत काढायला ब्रश कटर बाहेर निघतात. मशीन घेताना दुकानात एकच सल्ला मिळतो: लिटरला ४० मिली ऑइल टाका, जास्त पडलं तरी काही बिघडत नाही. मला हा सल्ला मान्य नाही. त्याहून वाईट म्हणजे ऑइल कोणतं घ्यायचं हे कोणी विचारतच नाही.

या ब्रश कटरचं इंजिन टू-स्ट्रोक असतं, त्याला खाली ऑइलचं चेंबर नसतं. पेट्रोलबरोबर जे ऑइल येतं तेच क्रँकच्या बेअरिंगला आणि पिस्टनला मिळतं, आणि मग जळून सायलेन्सरमधून जातं. म्हणजे त्या ऑइलने वंगणही करायचं आणि जळताना मागे राख-कार्बनही ठेवायचा नाही. हे दुसरं काम ते किती नीट करतं, ते डब्यावरच्या ग्रेडवरून कळतं. जपानी जासो मानकात एफबी, एफसी, एफडी अशी चढती रांग आहे. एफसीपासून धूर कमी होतो, आणि एफडीला पिस्टन स्वच्छ ठेवण्याची कसोटी सगळ्यात कडक. आयएसओची ईजीबी, ईजीसी, ईजीडी हीही साधारण तशीच रांग.

डब्यावर एफडी असेल आणि पुस्तिकेत ५०:१ (पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑइल) लिहिलं असेल तर लिटरला २० मिली पुरे. त्याच्या दुप्पट ऑइल टाकून आपण एक्झॉस्ट पोर्टमध्ये, म्हणजे धूर बाहेर पडायच्या भोकात, कार्बन साठवतो, आणि मग दोन हंगामांनी मशीनला ताकद नाही म्हणून तक्रार करतो.

सातपूर_रिपेअर

दादा, तुमचं वाचून पटतं, पण पुस्तिका लिहिणाऱ्याने आपल्याकडे मशीन कोण आणि कसं चालवतं ते पाहिलेलं नसतं. सकाळी आठला दोरी ओढली की दुपारपर्यंत फुल रेसवर. कूलिंगच्या पंख्यात आणि सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पट्ट्यांत, म्हणजे फिन्समध्ये, ओलं गवत अडकलेलं, एअर फिल्टर चिखलाने माखलेला. पेट्रोल मोजलेलं नाही, ऑइल झाकणाने अंदाजे. अशा मशीनला तुम्ही २० सांगितलंत तर प्रत्यक्षात कधी १२ पडणार, कधी १५.

माझ्या टेबलावर दोन्ही प्रकारची मशीनं येतात. कार्बन साठलेलं आलं तर सायलेन्सर उघडायचा, पिस्टन खाली घेऊन पोर्ट लाकडी काडीने खरवडायचं, काम झालं. सीझ झालेलं, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये जाम झालेलं आलं तर ब्लॉक, पिस्टन, रिंगा सगळं नवीन, आणि भर हंगामात पार्टची वाट बघत बसायचं. या दोन खर्चांची बरोबरी होते का? म्हणून मी ४० च सांगतो आणि सांगत राहणार. स्वस्तातल्या बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेतसुद्धा २५:१ च छापलेलं असतं, म्हणजे तेच ४० मिली.

द्राक्षबाग_निफाड

पुस्तिकेत २५:१ असेल तर ४० च टाकायचं, त्यावर माझा वाद नाहीच. माझा वाद ५०:१ वाल्या मशीनला डोळे झाकून ४० सांगण्याशी आहे.

माप चुकतं म्हणून प्रमाण दुप्पट करण्यापेक्षा माप सुधारा ना. मेडिकलमध्ये ५० मिलीची सिरिंज मिळते. पाच लिटरच्या कॅनला ५०:१ साठी १०० मिली, म्हणजे दोन सिरिंजा. आधी निम्मं पेट्रोल, मग ऑइल, कॅन हलवायचा, मग उरलेलं पेट्रोल. मशीनच्या टाकीत थेट ऑइल ओतून वरून पेट्रोल टाकणं बंद करा, कारण ते न मिसळलेलं ऑइल आधी कार्बोरेटरमध्ये जातं. आणि कृपा करून फवारणीच्या औषधाचं माप यासाठी वापरू नका. त्यात बोर्डोचा गाळ चिकटलेला असतो आणि कार्बोरेटरची बारीक भोकं तेवढ्यानेही बुजतात.

ओझर_मळा

इतका खल कशासाठी? आमच्या घरी लुना होती, राजदूत होती, आता पाठीवरचा पॉवर पंप आहे. ट्रॅक्टरचं २०डब्ल्यू४० इंजिन ऑइल नेहमी घरात असतं, तेच टाकतो. ऑइल ते ऑइल. जाड असतं, उलट पिस्टनला जास्त धरून राहतं. कंपन्यांना छोटी बाटली महाग विकायची असते, म्हणून हे ग्रेडचे प्रकार.

अंबड_टूलरूम

ओझरवाले भाऊ, इथे मात्र मी ठाम विरोधात आहे. ट्रॅक्टरचं, म्हणजे फोर-स्ट्रोकचं ऑइल चेंबरमध्ये राहून फिरत राहण्यासाठी बनवलेलं असतं, जळण्यासाठी नाही. त्यात कॅल्शियम आणि जस्ताची संयुगं मुद्दाम घातलेली असतात. चेंबरमध्ये ती इंजिन वाचवतात, पण टू-स्ट्रोकमध्ये जळली की कडक राख होते. ती प्लगच्या टोकांमध्ये आणि पिस्टनच्या माथ्यावर बसते, तापून लाल होते, आणि ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटायला लागतं. पिस्टनला भोक पडतं ते असं.

दुसरं, २टी म्हणजे टू-स्ट्रोकच्या ऑइलमध्ये ते पेट्रोलमध्ये चटकन विरघळावं म्हणून पातळ द्रावक असतो. २०डब्ल्यू४० मध्ये तो नसतो. कॅन नीट हलवला नाही तर ऑइल तळाशीच राहतं. मग एखादी टाकी नुसता धूर आणि एखादी जवळजवळ कोरडी.

राजदूत चालली, मान्य. पण ती मंद फिरणारी, मोठ्या सिलिंडरची गाडी होती. ब्रश कटर ८ ते १० हजार आरपीएमवर फिरतो, चेनसॉ १३ हजारांपर्यंत जातो. तिथे इतकी मोकळीक नसते.

ओझर_मळा

राखेचा मुद्दा समजला. पण मग सुटं २टी ऑइल चालेल का? गावात ड्रममधून मिळतं, स्वस्त पडतं.

अंबड_टूलरूम

नको. ड्रममध्ये काय आहे ते तुम्हाला कळायचा मार्ग नाही. सुट्या ऑइलमधली भेसळ आणि त्याचा धूर एवढा त्रासदायक झाला होता की दिल्लीत सुप्रीम कोर्टाच्या १९९८ च्या आदेशानंतर सुटं २टी विकणंच बंद करायला लावलं. सीलबंद बाटली घ्या. तिच्यावर जासो एफसी किंवा एफडी छापलेलं बघा. नुसतं 'एपीआय टीसी' असेल तर तेही हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठीच आहे, पण ते मानक जुनं आहे.

रोपवाटिका_मखमलाबाद

मी चेनसॉ आणि ब्रश कटर दोन्ही वापरते, म्हणून पुस्तिका नीट वाचल्या. निफाडवाले आणि सातपूरवाले दादा, तुम्ही दोघंही अर्धं बरोबर बोलताय असं मला वाटतं. स्टिल कंपनीच्या बऱ्याच पुस्तिकांमध्ये स्पष्ट आहे: त्यांचं स्वतःचं ऑइल असेल तर ५०:१, दुसरं टीसी दर्जाचं असेल तर २५:१. हस्कवर्नाच्या पुस्तिकांत त्यांच्या ऑइलला ५०:१ आणि इतर एफबी दर्जाच्या ऑइलला ३३:१, म्हणजे लिटरला ३० मिली. एकच मशीन आणि तरी प्रमाण वेगळं. ऑइल कोणतं ते ठरल्याशिवाय किती ते ठरत नाही, हे कंपनीच सांगते आहे.

एक विचारायचं होतं. बोटीच्या इंजिनाचं टीसी-डब्ल्यू३ ऑइल मला एकाने दिलं, ते महाग असतं म्हणे. ते चेनसॉला चालेल?

सातपूर_रिपेअर

नाही ताई, अजिबात नको. बोटीचं आउटबोर्ड इंजिन धरणाच्या पाण्याने थंड होतं, म्हणून ते ऑइल राख न होणारं पण कमी तापमानासाठी केलेलं असतं. आपलं इंजिन हवेवर थंड होतं, सिलिंडर कितीतरी जास्त तापतो. त्या उष्णतेत रिंगा खाचेत चिकटायला लागतात. महाग असलं म्हणजे आपल्या कामाचं असं नाही.

आणि पुस्तिकेचं तुम्ही जे लिहिलंत ते माझ्याच बाजूचं आहे. गिऱ्हाईक कंपनीचं ऑइल घेतं का? दहातला एखादा घेतो. बाकीच्यांना २५:१ हेच कंपनीचंही उत्तर झालं की.

द्राक्षबाग_निफाड

साधं टीसी वापरणाऱ्यांना हो. पण आता एफडी दर्जाची बाटली नाशिकमध्ये पंचवटीत, सीबीएस बसस्टँडजवळ, कुठेही मिळते. ती वापरणाऱ्यालाही ४० सांगणं पटत नाही. जास्त ऑइल म्हणजे तेवढं पेट्रोल कमी, मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं आणि इंजिन उलट जास्त तापतं, हेही लक्षात घ्या.

अंबड_टूलरूम

ही गोष्ट बरोबर आहे पण फार फुगवून सांगितली जाते. ५०:१ मध्ये ऑइल साधारण २ टक्के, २५:१ मध्ये जेमतेम ४ टक्के. पेट्रोल दोनेक टक्क्यांनी घटलं. तेवढ्याने इंजिन जळत नाही.

खरं लीन होतंय ते ई२० मुळे, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे, आणि त्यावर या धाग्यात कोणी बोललंच नाही. नुसत्या पेट्रोलला पूर्ण जळायला १ किलोमागे साधारण १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साडेतेराच्या आसपास. कार्बोरेटरचं जेट तेच, हवा तेवढीच, म्हणजे मिश्रण सुमारे ८ टक्के लीन. जुनं मशीन ज्या पेट्रोलवर सेट केलं होतं ते आता पंपावर मिळत नाही. ऑइल २० टाका नाहीतर ४०, हा फरक त्याने भरून निघत नाही. त्यासाठी कार्बोरेटरचा 'एच' स्क्रू थोडा उघडून मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) करावं लागतं, आणि ते जाणकाराकडूनच करून घ्या.

भातखाचर_त्र्यंबक

आमच्याकडे ई२० चा त्रास वेगळाच आहे. त्र्यंबक, इगतपुरीकडे पावसाळ्यात हवाच ओली. अर्धा भरलेला कॅन झाकण सैल राहून पडवीत पडला की इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल-पाण्याचा थर तळाशी वेगळा होतो, आणि ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. मशीनची नळी तर तळातून ओढते. म्हणजे तुम्ही ४० मिली टाकलेलं असूनही इंजिनाला ऑइल न मिळता ते सीझ होऊ शकतं. रिपेअरवाले दादा, तुमच्याकडे सीझ होऊन येणाऱ्यांतली किती मशीनं पावसाळ्यातली असतात? मला वाटतं तुम्ही जो दोष २० मिलीला देताय, त्यातला बराचसा शिळ्या पेट्रोलचा आहे.

आम्ही आता लागेल तेवढंच मिसळतो. महिन्याच्या वर ठेवत नाही. कॅन काठोकाठ भरलेला, झाकण घट्ट. भाताचे बांध कापून झाले की टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे कार्बोरेटरचा रबरी पडदा कडक होत नाही.

सातपूर_रिपेअर

पावसाळ्यातली जास्त असतात, हे खरं. शिळं पेट्रोल हे एक कारण मी मान्य करतो. पण गवताने बुजलेल्या फिन्स हे त्याहून मोठं कारण आहे, ते माझ्या डोळ्यांसमोरचं आहे.

रोपवाटिका_मखमलाबाद

मग मिसळायची भानगडच नको म्हणून फोर-स्ट्रोक ब्रश कटर घ्यावा का? होंडाच्या जीएक्स३५ इंजिनाला वेगळं ऑइल चेंबर आहे, त्यात फक्त १०० मिली लागतं, आणि टाकीत साधं पेट्रोल.

ओझर_मळा

आमच्या शेजाऱ्यांकडे आहे, धूर नाही, पेट्रोल कमी खातं. पण ते १०० मिली कोणी तपासत नाही. आणि ज्या घरात दोन्ही मशीनं आहेत तिथे मजूर कधीतरी टू-स्ट्रोकमध्ये साधं पेट्रोल ओततोच.

द्राक्षबाग_निफाड

म्हणूनच ऑइलला रंग असतो, निळा, हिरवा किंवा लाल. ओतण्याआधी पांढऱ्या कापडावर किंवा काचेच्या बाटलीत थोडं काढून बघायचं. रंग दिसला नाही तर मशीनमध्ये ओतायचं नाही. माझ्याकडे दोन कॅन आहेत, ५०:१ चा लाल आणि २५:१ चा पांढरा, दोन्हींवर ऑइल पेंटने प्रमाण आणि मिसळल्याची तारीख.

सातपूर_रिपेअर

दादा, तुमच्यासारखी काळजी घेणाऱ्याने एफडी ऑइल आणि २० मिली वापरावं, माझी हरकत नाही. ब्रश कटर भाड्याने देणारे, चार मजुरांच्या हातात सोडणारे, पुस्तिका हरवलेले, जुनं मशीन घेतलेले, यांना मी ४० च सांगणार. त्यांनी दर हंगामात एकदा सायलेन्सर उघडून पोर्ट साफ करून घ्यावं.

द्राक्षबाग_निफाड

पुस्तिका हरवलेल्यांचं मान्य. भाड्याच्या मशीनचं नाही. जो भाडं घेतो त्याने मिसळलेलं पेट्रोल स्वतःच मोजून द्यावं, ते मजुरावर सोडू नये.