भरतीचं कोडं पुण्याच्या मुलीलाही सुटायला हवं. दुवा कुठे पेरू?

खाडीकाठची आजी
नमस्कार मंडळी. मी आंजर्ल्याची, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. मे महिन्यात आमच्या पडवीत जमणाऱ्या मुलांसाठी एक रहस्यकथा लिहितेय, नऊ ते बारा वयाच्या. प्रत्येक प्रकरण संपताना गोष्ट थांबते आणि मुलांना विचारते, "खोटं कोण बोललं? कशावरून?" उत्तरं पुस्तकाच्या शेवटी.

चौथ्या प्रकरणावर अडलेय. देवळातली पितळी समई रात्रीत नाहीशी झालीय. ज्याच्यावर संशय आहे तो म्हणतो, "संकष्टी होती. चंद्र दिसला, उपास सोडला, लगेच होडी काढून पलीकडे गेलो. खाडी काठोकाठ भरलेली होती."

इथल्या मुलांनी हे ऐकता ऐकताच पकडलं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, चतुर्थीला तीन वाजता. म्हणजे सुकती, पुरती ओहोटी, नऊच्या सुमारास, आणि संकष्टीचा चंद्रही साधारण तेव्हाच उगवतो. त्या वेळी काठाला नुसता गाळ. काय आरडाओरडा केला पोरांनी!

मग सुट्टीत माझ्या भाचीची मुलगी पुण्याहून आली. दहा वर्षांची, पुस्तकातला किडा. तिने ते प्रकरण दोनदा वाचलं, वहीत कोण कुठे होतं त्याचा तक्ता केला, शेवटी उत्तर उघडलं आणि म्हणाली, "आजी, हे मला कसं कळणार होतं?" चिडली नाही, नुसती गप्प झाली. तेच मला लागलं. इतकी मेहनत घेणाऱ्या मुलीला मी फसवलं.

सुरुवातीला भरती-ओहोटीवर एक पान घालून पाहिलं. पण ते पान दिसलं की मूल ओळखतं, उत्तर इथेच आहे. माहिती द्यायची, पण बोट दाखवायचं नाही, हे कसं साधू?

दोन मुलांचा बाबा
आजी, एनसायक्लोपीडिया ब्राउन या शाळकरी गुप्तहेराच्या गोष्टी आमच्या घरी पारायण करून झाल्यात. डोनाल्ड सोबोल यांच्या या मालिकेतलं पहिलं पुस्तक 1963 चं, त्यात दहा प्रकरणं, उत्तरं मागे. त्यातली तलवारीची गोष्ट मुलांना सगळ्यांत आवडते. अमेरिकेतल्या यादवी युद्धातली म्हणून एक तलवार सायकलच्या बदल्यात द्यायला काढलेली असते. तिच्यावर 1861 ची तारीख आणि "बुल रनची पहिली लढाई" असं कोरलेलं. दुसरी लढाई व्हायच्या आधी पहिलीला पहिली कोण म्हणेल? माझ्या मुलाला त्या युद्धाचं काही माहीत नव्हतं, तरी त्याला सुटलं. पण त्याच मालिकेतली काही कोडी बाहेरच्या माहितीवर उभी आहेत. तिथे तो तुमच्या नातीसारखाच गप्प होतो.

वल्हेकरी
आजी, आमचा धंदाच दर्यावरचा, म्हणून सांगतो. नियम सांगूच नका, वेळा सांगा. दुसऱ्या प्रकरणात कोणीतरी सहज बोलू दे, "आज अष्टमी, सहाला पाणी भरेल, तेव्हा होडी लोटू." तिसऱ्यात दुसरं कोणी, "दशमी आहे, साडेसातशिवाय निघता येणार नाही." दोन तिथींमागे दीड तास. पोर हुशार असेल तर मागे मोजत चतुर्थीला तीनवर येईल. आणि भरतीनंतर सहा तासांनी सुकती, हे कुठेतरी चिखलात रुतलेल्या होडीवरून कळू दे.

एक मात्र सांभाळा. पाऊणपट हा ठोकताळा आहे, जागेप्रमाणे पाणी पुढेमागे होतं. त्यामुळे अर्ध्या तासाच्या फरकावर चोर पकडू नका. तुमच्या गोष्टीत भरती आणि सुकती एवढं अंतर आहे, ते चालेल. शिवाय संकष्टी म्हणजे पौर्णिमेनंतरचा चौथाच दिवस, उधाणाचा जोर पुरता गेलेला नसतो, पाणी चांगलं लांब जातं. तेच भांगाच्या, म्हणजे पाणी कमी चढण्या-उतरण्याच्या, दिवसांत घेतलं असतं तर कोडं लंगडं झालं असतं.

मराठीच्या बाई
ताई, सांकेतिक चिठ्ठीही घाला ना! इंग्रजी पद्धतीने अक्षरं पुढे सरकवायची तर काना-मात्रा आहेत तशा ठेवा आणि फक्त व्यंजन हलवा: "खाडी"ची "गाढी" होते. जोडाक्षरं टाळा. नाहीतर आपली कटपयादी आहेच, अक्षरांतून अंक काढायची जुनी रीत. प म्हणजे 1, ड म्हणजे 3, व म्हणजे 4. पेटीच्या तीन आकडी कुलपाला "पडाव" हा शब्द पुरेल. फक्त अक्षरांचा तक्ता आधीच्या प्रकरणात आजोबांच्या वहीत दिसू दे.

खाडीकाठची आजी
वल्हेकरीदादा, दोन वेळा दोन तोंडी द्यायच्या, हे मला सुचलंच नव्हतं. मी वर्गात शिकवल्यासारखं सगळं एकदम सांगायला निघाले होते. काल रात्री बसून दुसरं आणि तिसरं प्रकरण फिरवून लिहिलं. अष्टमीचं वाक्य कोळणीच्या तोंडी दिलंय, ती टोपली उतरवताना घाईत बोलते. दशमीचं तरवाल्याच्या तोंडी. रुतलेली होडीही आली.

बाई, "पडाव" घेतेच. कटपयादीत आकडे उजवीकडून वाचायची रीत आहे, म्हणजे 431. ते वहीतच लिहून ठेवते, नाहीतर मुलं 134 लावत बसतील.

नवीन चार प्रकरणं आज पुण्याला टपालाने पाठवली. उत्तराचं पान माझ्याकडेच ठेवलंय. तिने वहीत काय मांडलं ते आलं की इथे सांगते.