मदत हवी आहे: रिलोड केलेली काडतुसं मधूनच मिसफायर होतायत

बोल्ट ॲक्शन .३०८ रायफल आहे, फॅक्टरीची काडतुसं व्यवस्थित उडतात पण घरी रिलोड केलेल्यांपैकी (वापरलेल्या केस, म्हणजे पितळी नळकांडी, परत भरून बनवलेली) मधूनच एखादं नुसतं टक करून गप्प, मग नळी टार्गेटकडेच धरून निदान ३० सेकंद थांबतो (हँगफायर, म्हणजे ठोक्यानंतर उशिरा उडणं, असू शकतं, इथे घाई नकोच) आणि तेच काडतूस परत मारलं की उडतं. प्रायमरवर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) फायरिंग पिनची खूण आहे पण उथळ. प्रायमर पूर्ण बसला नसेल आणि पहिला ठोका त्याला आत ढकलण्यातच जात असेल असं वाटलेलं, पण बोट फिरवलं तर केसच्या बुडापेक्षा किंचित खालीच लागतो. मग साइझिंग डायने (केस परत मापात आणणारा साचा) केसचा खांदा (मानेखालचा उतार) जास्त मागे जाऊन काडतूस चेंबरमध्ये सैल बसतंय आणि ठोका हलका पडतोय का? कंपॅरेटर (बुडापासून खांद्यापर्यंतचं माप घ्यायचं साधन) नसताना हे नीट कसं तपासायचं, प्लीज सांगा.