मदत हवी आहे: पीएचपीचे एरर लॉग फाइलमध्ये येतच नाहीत

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाची वेबसाइट मी सांभाळतो. सर्व्हरवर उबुंटू २४.०४, एनजिनएक्स (वेब सर्व्हर) आणि पीएचपी-एफपीएम ८.३ (साइटचा पीएचपी कोड चालवणारी सर्व्हिस) आहे. सभासद नोंदणीचा फॉर्म भरला की काहींना कोरं पान येतं, ५०० एरर (म्हणजे सर्व्हरच्या बाजूची चूक). सगळ्यांना नाही, काहींनाच. कारण शोधायला लॉग (एररच्या नोंदींची फाइल) उघडावा तर फाइल रिकामी!

एफपीएमच्या पीएचपी.आयएनआय या सेटिंग्जच्या फाइलमध्ये 'लॉग एरर्स' ऑन आहे, 'एरर लॉग'ला पूर्ण पाथ दिलाय, सर्व्हिस रीस्टार्टही केली. चालू सेटिंग्ज दाखवणाऱ्या पीएचपीइन्फोच्या पानावर तोच पाथ दिसतो. टर्मिनलवरून स्क्रिप्ट चालवली की एरर व्यवस्थित लिहिला जातो. पण सीएलआयची (टर्मिनलवरच्या पीएचपीची) पीएचपी.आयएनआय वेगळी असते आणि तिथे मी रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून असतो, त्यामुळे त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

लॉगचं फोल्डर रूटच्या मालकीचं आहे आणि एफपीएमचा पूल (कोड चालवणाऱ्या प्रोसेसेसचा गट) चालतो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या युजरने. माझा संशय इथेच आहे. फाइलची मालकी बदलली तर पुरेल, की लॉगरोटेट (जुने लॉग बाजूला ठेवणारा प्रोग्राम) नवी फाइल बनवताना परत रूटच्या नावावर करेल? लॉगरोटेटच्या सेटिंगमध्ये नव्या फाइलची मालकी ठरवणारी 'क्रिएट'ची ओळ नेमकी कशी लिहायची?

आणखी एक. मेमरी संपल्यावर येणारा फेटल एरर (स्क्रिप्ट तिथेच थांबवणारा) सेट-एरर-हँडलरमध्ये, म्हणजे एरर पकडायला आपण लावलेल्या फंक्शनमध्ये, सापडत नाही. शटडाउन फंक्शनमध्ये (स्क्रिप्ट संपताना चालणाऱ्या) एरर-गेट-लास्ट (शेवटचा एरर सांगणारं फंक्शन) वापरून कोणी तो नोंदवता का?

एरर थेट स्क्रीनवर दाखवणारं 'डिस्प्ले एरर्स' चालू करायला कृपया सांगू नका. लोकांची नावं, फोन नंबर आहेत तिथे. क्वेरी आणि पाथ स्क्रीनवर दिसलेले मला चालणार नाहीत.