विंडोज ११ वरून परत १० वर जायचंय, डीटीपीचा डोंगल चालेना

पत्रिकावाला:
नमस्कार मंडळी, आमचं छोटं डीटीपी सेंटर आहे, लग्नपत्रिका, हँडबिलं असली कामं. पीसी २०१८ चा, आठव्या जनरेशनचा आय३, साधी हार्ड डिस्क. मागच्या आठवड्यात विंडोज ११ टाकलं आणि तेव्हापासून मराठी फॉन्टच्या जुन्या सॉफ्टवेअरचा डोंगलच (परवान्याची किल्ली म्हणून पीसीला लावायचं ते छोटं यंत्र) ओळखत नाही, डोंगल नाही तर सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि इतक्या वर्षांच्या पत्रिका सगळ्या त्यातच, फॉन्ट युनिकोड (सगळीकडे चालणारे) नसल्यामुळे दुसरीकडे उघडल्या की नुसती भलतीच अक्षरं. सीझन तोंडावर आलाय हो. परत जाता येईल का? डेटा जाईल का?

खटपट्या:
आठवडाच झालाय ना, मग आजच करा! अपग्रेडनंतर जुनं विंडोज फक्त १० दिवस ठेवलेलं असतं. सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, तिथं ‘गो बॅक’. तुमच्या फाईली राहतात, पण ११ वर आल्यावर जे सॉफ्टवेअर टाकलं असेल ते उडतं. तरी आधी पत्रिकांचा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्याच. आणि जागा कमी पडतेय म्हणून डिस्क क्लीनअप अजिबात करू नका, त्यात ‘प्रिव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स’वर टिक गेली की परतीची वाटच बंद.

सोलापुरी:
त्याआधी एक बघा दादा, विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनमध्ये मेमरी इंटिग्रिटी चालू आहे का? ते चालू असलं की जुने ड्रायव्हर, म्हणजे डोंगलसारखी उपकरणं चालवणारी सॉफ्टवेअरं, अडवली जातात. पण ते बंद ठेवणं म्हणजे सुरक्षा कमी करणंच, नेट असलेल्या पीसीवर मला तरी पटत नाही.

पत्रिकावाला:
बघितलं, ते बंदच होतं.

नेटकॅफे_जुना:
मग गो बॅकच. मुदत टळलीच तर ८ जीबीचा पेनड्राईव्ह घ्या, मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने त्यावर विंडोज १० घेऊन तो बूटेबल (त्यावरून पीसी सुरू होईल असा) करा आणि विंडोज नव्याने टाका, प्रॉडक्ट की विचारली तर स्किप करा, त्याच मदरबोर्डवर १० आधी अॅक्टिव्हेट झालेलं असेल तर नेट लावल्यावर आपोआप होतं. फक्त यात सी ड्राईव्ह पुसला जातो, डोंगलचा ड्रायव्हर परत टाकावा लागेल, त्याची सीडी शोधून ठेवा. आणखी एक, १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी एक्सटेंडेड सिक्युरिटी अपडेट आहेत ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. तो पीसी शक्यतो नेटवर ठेवूच नका.

पत्रिकावाला:
गो बॅक झालं! हार्ड डिस्क असल्याने बराच वेळ गेला पण डोंगल लगेच लागला, फाईली सगळ्या जागेवर. खटपट्या, सगळ्यांचेच मनापासून आभार. नेटची वायर काढून टाकलीय, प्रूफच्या पीडीएफ पेनड्राईव्हने लॅपटॉपवर घेऊन तिथून गिऱ्हाइकाला व्हॉट्सअॅप करतो.