सकाळी थंड इंजिन थरथरतं, आधी पार्ट बदलायचे की आधी मोजायचं?

मोजपट्टी:
गाडी १९८६ची पोर्श ९४४, अडीच लिटर, चार सिलिंडर. रात्रभर उभी राहिली की सकाळी स्टार्ट लगेच होते पण मग दोन मिनिटं नुसती थरथरते, आरपीएम ६०० वर पडतो, मध्येच ११०० ला उडी मारतो, गिअरचा दांडा हातात नाचतो, आणि टेंपरेचरचा काटा जरा हलला की सगळं सुतासारखं सरळ. गॅरेजला दाखवायला नेली तर बॉनेट उघडायच्या आधीच यादी तयार, प्लग, वायरी, डिस्ट्रिब्युटर कॅप, आयडल व्हॉल्व्ह, टेंपरेचर सेन्सर, सगळं बदलून टाकू म्हणे. मी नको म्हटलं आणि गाडी परत आणली.

माझं म्हणणं एवढंच की हा आजार दिवसातून एकदाच दिसतो, सकाळची पहिली दोन मिनिटं, इंजिन तापलं की पुरावा गेला आणि थेट दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं. मग त्यात पाच पार्ट एकदम बदलले तर कशाने बरं झालं ते कधीच कळत नाही, आणि नाही झालं तर आणखी पाच नव्या शंका. मी चावी फिरवायच्या आधी मल्टिमीटर घेऊन टेंपरेचर सेन्सरचा रेझिस्टन्स मोजला. या गाडीला १५ ते ३० अंशांत १.४ ते ३.६ किलोओहम पाहिजेत, माझे १८ अंशांना २.६ आले. म्हणजे यादीतला एक पार्ट एका मिनिटात बाद.

जुना पाना:
नाय पटत. दादा, गाडी चाळिशीला टेकली आणि तू एकेक सकाळ मोजत बसणार? इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या, खाली व्हॅक्यूमचे पाइप आहेत ना, ते हातात घेऊन वाकवून बघ, वाळक्या काटकीसारखे मोडतात. आणि थंडीतच का होतं ते पण ऐक. सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेच्या, म्हणजे पोर्टच्या, थंड भिंतीला बरंचसं पेट्रोल चिकटून बसतं, वाफ होत नाही, म्हणून तेव्हा जास्तीचं पेट्रोल लागतं. त्यात एअरफ्लो मीटरने न मोजलेली हवा तडा गेलेल्या पाइपातून आत शिरली की मिश्रण आणखी पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा सेन्सर साधारण ३०० अंशांपर्यंत तापत नाही तोवर कॉम्प्युटर आंधळाच, सुधारणार कोण? तापल्यावर तो पेट्रोल वाढवतो आणि तुला वाटतं गेलं. गेलं नाही, झाकलं गेलं.

मॅनिफोल्ड एकदा उतरव, खालचं सगळं रबर एका दमात बदल. याला अंदाजपंचे म्हणत नाहीत, देखभाल म्हणतात.

रेवती_४सिलिंडर:
पाना दादा, कारण तुम्ही बरोबर सांगितलंत पण उपाय मला मान्य नाही, कारण मी तेच करून बसले होते. सगळे पाइप नवे घातले आणि दुसऱ्या दिवशी तीच थरथर. दीड महिना गेला. शेवटी एका सकाळी स्टार्ट न करताच चारही स्पार्क प्लग काढले, तीन कोरडे आणि दोन नंबरचा ओला, हातात घेतला तर पेट्रोलचा भपकारा. पेट्रोल फवारणारा इंजेक्टर रात्रभर थेंब थेंब गळत होता. आधी प्लग काढले असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. पण माझी गाडी स्टार्टलाही वेळ घ्यायची, इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या नळीतला, फ्युएल रेलचा, दाब रात्रीत उतरायचा, मोजपट्टीची लगेच होतेय म्हणजे तिथे शक्यता कमी.

आणि कोणी चालू इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधू नका, एक्झॉस्ट शेजारीच असतो, पेट घ्यायला क्षण पुरतो. इंजिन बंद ठेवून इनटेकमध्ये धूर सोडा, गळती असेल तिथून बाहेर दिसतो.

तांब्याची तार:
एकच सांगतो, सेन्सर सेन्सरपाशी मोजून उपयोग अर्धा. कॉम्प्युटरच्या प्लगपाशी मोज. मधली वायर किंवा पिन गंजलेली असली तर सेन्सर ठणठणीत आणि कॉम्प्युटरला वेगळाच आकडा.

मोजपट्टी:
तार भाऊ, बरोबर, हे माझ्याकडून राहिलंच होतं, आज तिथे मोजलं, तेच २.६. आता बाकीचं सांगतो. परवा थंड असतानाच इंजेक्टरचे वायरीचे प्लग एकेक काढून बघितले. एक, दोन, चार काढले की इंजिन लगेच बसतं, तीन काढला तर जेमतेम फरक. म्हणजे तीन नंबर कामच करत नाही. काल स्पार्क प्लग आणि वायर तीनची चारला, चारची तीनला लावली, तरी दोष तीनलाच. म्हणजे स्पार्क प्लग आणि वायर बाद. आज इंजिन थंडच ठेवून इनटेकमध्ये धूर सोडला, टॉर्च धरून बसलो, पाइपांतून काही नाही, आणि तीन नंबरच्या इंजेक्टरच्या बुडाशी बारीक सुतासारखी रेघ वर आली. खालचा ओ-रिंग, म्हणजे हवाबंद ठेवणारी रबराची कडी, दगड झालाय. पाना दादा, पाइप फुटला असता तर चारही सिलिंडर सारखे पातळ झाले असते, एकटा तीन का रडेल?

जुना पाना:
अरे पण ओ-रिंग म्हणजे रबरच की! मी सगळं रबर म्हटलं होतं. आणि एकाच सिलिंडरचं मिश्रण पातळ होतं हे मान्य, पण बाकीचे तीन ओ-रिंग त्याच वयाचे, पाइप त्याच वयाचे. या हिवाळ्यात नाही तर पुढच्या.

मोजपट्टी:
चारही ओ-रिंग बदलतो, ते तुमचं खरंच पटलं, रेल उतरवल्यावर एकच बदलण्यात अर्थ नाही. पाइपांना मात्र हात लावणार नाही. धुरात ते घट्ट निघालेत आणि त्यासाठी मॅनिफोल्ड उतरवताना चाळीस वर्षांचा एखादा स्टड मोडला की नवीनच काम.

जुना पाना:
धुरात आज घट्ट. इंजिन हलतं तेव्हा तडा उघडतो, बंद इंजिनवर दिसेलच असं नाही. मी असतो तर बदलले असते.

मोजपट्टी:
आज रात्री फक्त ओ-रिंग. उद्या सकाळी पुन्हा तीनच्या इंजेक्टरचा प्लग काढून बघतो, इंजिन बसलं तर तीन कामाला लागला, नाही तर मॅनिफोल्ड उतरवतो आणि ते तुम्हाला विचारूनच.