जेवणाआधीची प्रार्थना: तुमच्या घरी ती कोण सुरू करतं?

वसईतलं आमचं घर. रात्री रोझरी आटोपली की ताटं वाढली जायची, पण हात लावायची मुभा नसायची. दिवसभर वाडीत केळींना पाणी लावून आलेले बाबा समोर बसत. कितीही धुतला तरी नखांत माती राहिलेला त्यांचा हात कपाळाकडे जाई: ‘पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने.’ मग चार ओळी. प्रभू, आम्हांला आणि तू दिलेल्या या अन्नाला आशीर्वाद दे. शेवटी ते स्वतःची एक ओळ जोडत, ती मला कुठल्याही प्रार्थनापुस्तकात सापडलेली नाही: ‘आज ज्याच्या घरी चूल पेटली नाही, त्याच्याकडेही बघ.’

तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. तो आठवडा शेजारून जेवण येत होतं. पाहुणे पांगल्यावर पहिल्यांदाच आम्ही घरातलेच तेवढे जेवायला बसलो. मी सुरुवात केली आणि त्या ओळीपाशी गळा दाटला. मागून, गॅसजवळून, आईने ती पुरी केली. तव्यावर भाकरी होती तिच्या. तेव्हा ध्यानात आलं, इतक्या वर्षांत ती प्रार्थनेला आमच्यासोबत कधी बसलेलीच नाही. सगळ्यांना गरम मिळावं म्हणून उभी. आमेन म्हणायची तीही कालथा हातात धरून. आम्हां भावंडांना हे कधी खटकलंसुद्धा नाही, याचं मला आजही फार वाईट वाटतं. आता गॅस बंद होऊन आई बसल्याशिवाय क्रुसाची खूण होत नाही. भाकरी गार झाली तर झाली.

तुमच्याकडे कोण सुरू करतं? कुठल्या भाषेत? कधी अडलात का? मनापासून ऐकायचं आहे, म्हणून हा धागा.

संगमनेरकडून

1972 च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घरात ज्वारी नव्हती, रेशनवर लाल मिलो मिळायचा. त्याची भाकरी थापताना मोडायची आणि घशाखाली उतरायची नाही. आमच्याकडे जेवणाआधी प्रभूची प्रार्थनाच म्हणत. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ या ओळीतल्या ‘आज’वर आईचा आवाज किंचित चढायचा. ती मुद्दाम करत नव्हती. दोन भाकरी, खाणारी सहा तोंडं. आमेन झाल्यावरच ती तुकडे करायची, आधी नाही. आमेनआधी कुणाचा तुकडा मोठा हे दिसलं असतं, तर आमचं प्रार्थनेत लक्ष राहिलं नसतं, हे तिला ठाऊक असावं.

आता मी शेती करतो. खळं झालं की पहिल्या ज्वारीच्या भाकरीला तीच प्रार्थना होते. ‘आज’ म्हणताना आवाज माझाही चढतो.

राय, गोवा

आमची प्रार्थना कोंकणीत. 5 ऑगस्टला आमच्या चर्चमध्ये कोणशांचं फेस्त असतं, भाताची नवी कणसं आशीर्वादित होतात. ती आणून घरातल्या वेदीजवळ ठेवतो. त्या दिवशी ताटावरची प्रार्थना मला सगळ्यात जास्त समजते, कारण जे मागायचं ते समोर हिरवं दिसत असतं. रात्रीच्या प्रार्थनेनंतर आम्ही मुलं रांगेने थोरांकडे ‘बेसांव’, म्हणजे आशीर्वाद, मागायचो, मग जेवण. पाव जमिनीवर पडला तर आजी तो उचलून त्याचा मुका घ्यायला लावायची. आज माझ्या मुलीही घेतात.

साताऱ्याची, आता वसईची सून

माझे वडील ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालायचे. लग्नानंतर पहिल्याच रात्री सासरी सवयीने माझं बोट पाण्यात गेलं आणि समोर सगळे हात जोडून थांबलेले. मी पाण्यातलं बोट बाहेर काढू की ठेवू, काही सुचेना. सासरे म्हणाले, ‘बाळ, तुझं होऊ दे, मग आम्ही म्हणतो.’ ते थांबले. खरोखर थांबले, शिताचे दाणे मांडून होईपर्यंत. मी बाप्तिस्मा घेतलेला नाही. पण गेल्या नाताळला सासऱ्यांनी मला सांगितलं, ‘आज तू सुरू कर,’ आणि मला सगळी पाठ होती.

वय वर्षं 83

1961 साली मी सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत, दाखल झालो, पुढे घरच्या कारणाने परतलो. तेव्हा सगळं लॅटिनमध्ये. ‘बेनेदिक, दोमिने, नोस’ म्हणेपर्यंत उभं राहायचं, मग मौन, आणि जेवताना एक जण वाचून दाखवणार. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत आली, त्याचा मला आनंदच आहे. स्वतःच्या भाषेत आभार मानताना माणूस लपू शकत नाही.

एक खंत मात्र लिहितो. जेवणानंतरचीही प्रार्थना आहे, ती आपल्या घरांतून गेली. ‘आजिमुस तिबी ग्रात्सियास’, सर्व उपकारांबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. आणि तिच्या शेवटी मृतांसाठी एक ओळ असायची, देवाच्या दयेने त्यांच्या आत्म्यांना शांती लाभो. पोट भरल्यावर गेलेल्यांची आठवण काढायची, अशी ती रचना. भूक असताना हात जोडणं त्या मानाने सोपं. माझ्या घरी मी एकटाच उरलो आहे, तरी दोन्ही म्हणतो.

परदेशातली नर्स

कँटीनमध्ये मी टेबलाखाली अंगठ्याने छोटी खूण करायचे, कुणी पाहू नये म्हणून. वॉर्डात अर्धांगवायू झालेले एक आजोबा होते. चमचा तोंडाजवळ नेला की ते तोंड मिटून घ्यायचे. सगळ्यांना वाटायचं, जेवायचं नाही. एकदा त्यांच्या गळ्यातलं स्कॅप्युलर दिसलं, कॅथलिक लोक दोरीला बांधून गळ्यात घालतात ते कापडाचे पवित्र तुकडे. मी त्यांचा उजवा हात हातात घेऊन कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा असा नेला. त्यांनी तोंड उघडलं. त्या दिवसापासून टेबलाखालची खूण मी बंद केली, वर करते.

वसई, पुन्हा मीच

83 वर्षांचे आजोबा, तुमचं वाचून काल रात्री आम्ही जेवणानंतर कुणाला उठू दिलं नाही. शब्द नीट येत नव्हते, कागदावर लिहून घेतले होते. मृतांची ओळ आल्यावर मी बाबांचं नाव घेतलं. आईने तिच्या आईचं घेतलं, मग मावशीचं, मग लहानपणी गेलेल्या एका भावाचं. त्या मामाबद्दल आम्ही आजवर कधी ऐकलंच नव्हतं. खरकटे हात वाळून गेले, ती सांगत राहिली.