वडील एसटीत कंडक्टर होते, त्यांच्या आठवणी लिहायच्यात पण सुरुवातच होत नाहीये

कोयनाकाठ:
नमस्कार मंडळी. आमच्या अण्णांना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होतंय. 31 वर्षं एसटीत कंडक्टर होते, बरीचशी नोकरी पाटण-कराडकडंच झाली. वर्षश्राद्धाला सगळे जमणार तर भाचे-पुतण्यांसाठी चार-पाच पानं लिहून ठेवावीत म्हणून बसलो आणि पहिल्याच पानावर अडकलो, कारण खरं सांगायचं तर अण्णा घरात असलेले मला फारसे आठवतच नाहीत. दिवाळीला जादा गाड्या, आषाढीला पंढरपूर, गणपतीत कोकण, म्हणजे लोकांचे सण तेव्हा अण्णांची ड्युटी. त्यात आठवड्यातनं तीन रात्री वस्तीची गाडी.

डोळ्यासमोर येतं ते एवढंच की आई त्यांची खाकी पँट भिजवताना खिसे उलटे करायची, तरी शिवणीत अडकलेले तिकिटाच्या पंचाचे बारीक बारीक रंगीत तुकडे बादलीत तरंगायचे आणि आम्ही भावंडं ते बोटाला चिकटवून काढायचो. तो पंच अजून कपाटात आहे. आईला विचारलं की तिचे डोळे भरून येतात, मग पुढं विचारवत नाही. कुणी असं लिहिलंय का? काय करावं?

घाटवाट:
मी रिटायर्ड ड्रायव्हर, कुंभार्ली घाटात उमेदीची वर्षं घातली. अहो, घरातल्या आठवणी नाहीत म्हणून वाईट वाटून घेऊ नका, अण्णांच्या जोडीला जे ड्रायव्हर होते त्यांना गाठा. ड्रायव्हर-कंडक्टर म्हणजे एका ताटात जेवणारी माणसं. वस्तीला गेलं की शाळेच्या नाहीतर देवळाच्या ओट्यावर झोपायचं, थंडी असली तर गाडीतच सीटवर, आणि कंडक्टरच्या उशाला कॅशची बॅग, त्यामुळं त्याला गाढ झोप अशी कधी लागायचीच नाही. पहाटे पाचला दूधवाले, कॉलेजची पोरं दारात उभी. पावसाळ्यात घाटात धुकं उतरलं की पुढचं काही दिसायचं नाही, तेव्हा आमचा कंडक्टर बॅटरी घेऊन गाडीच्या पुढं चालायचा, भिजत. हे तो घरी जाऊन बायकापोरांना सांगायचा नाही. आम्ही कुणीच सांगत नव्हतो, उगाच घरच्यांच्या जिवाला घोर कशाला.

1 जूनला डेपोत जा. 1948 साली त्या तारखेला पुणे-नगर पहिली गाडी सुटली, केवटे कंडक्टर आणि किसन राऊत ड्रायव्हर, म्हणून एसटीचा वाढदिवस असतो. जुनी मंडळी येतात. अण्णांचं नाव काढलंत की लोक आपोआप बोलायला लागतील.

माहेरवाशीण_चिपळूण:
माझे बाबापण कंडक्टर. मशीन यायच्या आधी तिकिटांचा ट्रे, पंच, आणि 6 किलोमीटरचा टप्पा आला की हलत्या गाडीत वेबिलवर, म्हणजे कंडक्टरच्या हिशोबाच्या कागदावर, तिकिटांचे नंबर लिहायचे, गर्दीत हिशोब चुकला की भरणा करताना पदरचे घालायचे. आमच्याकडं बाबांचा रूट कुठला होता ते पिशवीवरनं कळायचं. चुरमुरे-बत्तासे निघाले की पंढरपूर, स्ट्रॉबेरी निघाली की महाबळेश्वर. घरात नव्हते म्हणता तुम्ही, पण घरी काहीतरी घेऊन आले असतीलच ना, ते आठवून बघा.

आणि आईंना "अण्णा कसे होते" असं विचारू नका, त्याला काय उत्तर देणार त्या? डब्यात काय द्यायच्या ते विचारा. माझी आई डब्यावरनं सुरू झाली ती दोन तास बोलत होती, मी मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवलंय.

कोयनाकाठ:
ताई, काल रात्री डब्याचं विचारलं. आई म्हणाली, वस्तीला जायचं असलं की दह्याचं काही द्यायची नाही, दुसऱ्या दिवसापर्यंत आंबतं म्हणून, खर्डा, सुकं बेसन आणि सात भाकरी. मी म्हटलं सात कशाला, दोघं तर माणसं. तर म्हणाली शेवटच्या गाडीला हायस्कूलची पोरं असायची, सकाळी घर सोडलेली, तुझे अण्णाच म्हणायचे दोन जास्त बांध. चाळीशी ओलांडली माझी, हे आज कळलं.

घाटवाट काका, 1 जूनपर्यंत थांबवत नाही, रविवारीच डेपोत जातोय. पंच बरोबर नेतो, कुणी ओळखला तर ओळखला.